काम झालं की माणूस मोकळा: नागपुरात लोकांच्या उपयोगाचं काही बनवू पाहणाऱ्यांसाठी

उन्हाळ्याच्या सुट्टीत इंजिनिअरिंगची मुलंमुली भेटायला येतात. डोक्यात काहीतरी असतं: मेडिकलच्या ओपीडीत नंबर लवकर कळावा, कळमन्यातला संत्र्याचा भाव घरबसल्या समजावा, आजीला औषधाची आठवण राहावी. कल्पना चांगल्याच असतात. पण पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच येतो, “सर, कोणत्या लँग्वेजमध्ये बनवू?” मी त्यांना आधी दुसरंच विचारतो. तुमची वस्तू वापरून माणूस किती लवकर मोकळा होईल?

या लेखातलं पुढचं सगळं या प्रश्नातून आलेलं आहे. तुमच्या हाताशी एखादी कल्पना, एक साधा लॅपटॉप आणि शनिवार-रविवार एवढं असलं तरी सुरुवात करता येते.

आधी हे समजून घ्या: कशाची मोजणी होते

आपण रोज वापरतो त्या फुकटच्या अ‍ॅपपैकी बहुतेकांचा खर्च जाहिरातींवर चालतो. माणूस जितकी मिनिटं स्क्रीनवर राहील तितक्या जाहिराती दिसतात, म्हणून तिथे बसलेल्या हुशार लोकांना मिनिटं वाढवायचं काम दिलेलं असतं. त्यांची नियत वाईट असते असं मला वाटत नाही. अझा रास्किन या डिझायनरने २००६ साली न संपणारं स्क्रोल बनवलं. पुढचं पान बघायला पुन्हा पुन्हा क्लिक करावं लागू नये, एवढाच त्याचा हेतू होता. पण पान संपायची जी जागा होती तिथेच माणूस क्षणभर थांबायचा, अजून बघू की उठू असा विचार करायचा. ती जागाच गेली. पुढे रास्किनने स्वतः याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली.

नवख्यांनी यातून घ्यायचं ते इतकंच की तुम्ही जे मोजाल तसं तुमचं अ‍ॅप घडत जाईल. मिनिटं मोजलीत, तर तुमच्याही नकळत ते मिनिटं खायला लागेल.

पायरी पहिली: जा आणि बसा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळ घेते आणि हीच मुलं गाळतात. म्हणून आमचा एक अनुभव सविस्तर सांगतो.

हुडकेश्वर रोडच्या पुढे एक नवं ले-आउट आहे. घरं झाली होती, नळ आला नव्हता, उन्हाळ्यात पाणी टँकरने यायचं. केव्हा येईल याचा नेम नाही. कधी सकाळी नऊला, कधी भर दुपारी दोनला. बाया घराबाहेर पडू शकत नव्हत्या, कारण टँकर आला आणि आपण नसलो तर दोन दिवस पाणी नाही. चार विद्यार्थ्यांनी आणि मी मिळून टँकरसाठी एक अ‍ॅप बनवलं. नकाशा होता, टँकरचा ठिपका हलताना दिसायचा, तो जवळ आला की सूचना यायची. कॉलेजच्या स्पर्धेत दाखवलं असतं तर टाळ्या मिळाल्या असत्या.

ले-आउटमध्ये ते दाखवायला गेलो तेव्हा एक काकू म्हणाल्या, “फोन त ह्यायच्या खिशात बुटीबोरीले जाते. घरी कोणाजवळ आहे जी फोन?”

घरात एकच स्मार्टफोन, आणि तो नवऱ्याबरोबर एमआयडीसीत. टँकरची सूचना बुटीबोरीच्या कारखान्यात वाजणार होती. तीन आठवडे आम्ही कोड लिहिला आणि हे विचारलंच नव्हतं. चूक आमची होती. आम्ही आमच्याच घरांसारखी घरं डोळ्यांसमोर धरली होती.

म्हणून पहिला आठवडा लॅपटॉप उघडू नका. जिथे अडचण आहे तिथे जाऊन बसा. मे महिन्यात जात असाल तर सकाळी दहाच्या आत जा. पारा ४५ च्या वर असताना दुपारी कोणाच्या दारात उभं राहून प्रश्न विचारणं हे त्यांनाही जड आणि तुम्हालाही. “तुम्हाला कसं अ‍ॅप हवं?” असं विचारू नका, कारण याला लोक तुमचं मन राखायला काहीतरी उत्तर देतात. “काल काय झालं ते सांगा,” असं विचारा. काल टँकर केव्हा आला, तेव्हा तुम्ही काय करत होत्या, कोणी सांगितलं, पाणी पुरलं का. कालची गोष्ट माणूस खरी सांगतो.

या बैठकीत तीन गोष्टी मुद्दाम बघून ठेवा. फोन कोणाच्या हातात असतो आणि किती वाजता. घरात कोण वाचतं, आणि मराठी वाचतं की हिंदी. आणि आज हे काम कोण करतं, कारण प्रत्येक मोहल्ल्यात खबर पोचवणारा कोणीतरी असतोच. आमच्या ले-आउटमध्ये तो कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार होता. टँकर चालवणारा भाऊ त्याच्याकडे पाणी प्यायला थांबायचा.

पायरी दुसरी: वहीच्या पहिल्या पानावर मोजमाप लिहा

कोड लिहायच्या आधी, पेनाने. कोणासाठी, त्यांचं काय सुटेल, आणि सुटलं हे कशावरून कळेल.

आम्ही लिहिलं होतं: टँकरची वाट बघत दारात गेलेला वेळ. गटातल्या एका मुलीने एक आठवडा रोज संध्याकाळी दहा घरी जाऊन विचारलं आणि दुकानातल्या कॅलेंडरवर खुणा केल्या. काही सुरू करण्याआधीचा आठवडा असा लिहून ठेवलेला असला की नंतरच्या आठवड्याशी ताडून बघता येतं. हे आधी केलं नाही तर मग आपल्या मनासारखे आकडे शोधायचा मोह होतो.

डाउनलोड किती झाले, रोज किती जणांनी उघडलं, किती वेळ थांबले, हे आकडे त्या पानावर येऊ देऊ नका. एखादी बाई टँकरचं अ‍ॅप दिवसात दहा वेळा उघडत असेल तर ते लोकप्रिय झालं असं नव्हे. तिला तुमच्या सूचनेवर भरवसा नाही, म्हणून ती बघत राहते.

आमच्या ले-आउटमध्ये शिवणकाम करणाऱ्या एक ताई होत्या. दोन-तीन आठवड्यांनी त्या म्हणाल्या, आता दुपारी सलग बसता येते, ब्लाउज मधात सोडून उठा लागत नाही. वहीत लिहिलेलं साधलं का, हे मला त्या वाक्याने सांगितलं.

पायरी तिसरी: सगळ्यात लहान वस्तू निवडा

गडचिरोलीचं उदाहरण विदर्भातल्या प्रत्येक इंजिनिअरला माहीत असायला हवं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या दायांसाठी श्वास मोजायचं एक साधन तयार केलं. लहान बाळाला न्यूमोनिया झाला आहे का हे ओळखायला मिनिटाला श्वास किती ते मोजावं लागतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षभराच्या बाळाचे ५० किंवा जास्त असतील तर धोका. पण ज्या दाईला लिहिता-वाचता येत नाही, साठपर्यंत मोजताना जिचा घोळ होतो, तिने काय करायचं? त्या साधनात मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी होते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. दाईला दहापर्यंत मोजता येतं, एवढ्या एका गोष्टीवर ते उभं आहे. बॅटरी नाही, नेटवर्क नाही, भाषेचीही अडचण नाही.

मी मुलांना एक शिडी काढून देतो. सगळ्यात खाली फळा किंवा घंटा, मग मिस्ड कॉल, मग फोन करून बोलणं, मग एसएमएस, मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, मग वेबचं एक पान, आणि सगळ्यात वर अ‍ॅप. खालून सुरू करा. खालच्या पायरीवर काम होत नाही हे दाखवता आलं तरच वर चढा. दर पायरीला काही माणसं गळतात: एसएमएसला न वाचणारे, व्हॉट्सअ‍ॅपला साधा फोनवाले, अ‍ॅपला ज्यांच्या फोनमध्ये जागा उरलेली नाही ते.

एसएमएसबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. संगणकावरून एकगठ्ठा संदेश पाठवायचे असतील तर दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे संस्था, पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा या तिन्हींची डीएलटीवर, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी-व्यवस्थेवर, नोंदणी करावी लागते. त्यात दिवस जातात. चाळीस घरांसाठी त्या भानगडीत पडू नये.

आम्ही अखेर नकाशा काढून टाकला. टँकरवाला भाऊ आधीच्या वस्तीतून निघताना दुकानदाराला एक मिस्ड कॉल द्यायचा. दुकानदार घंटा वाजवायचा, शाळेत असते तशी पितळी. घंटा झाली की साधारण वीस मिनिटांत टँकर.

पायरी चौथी: रांगेत मागे कोण गेलं ते बघा

घंटा येण्याआधी मधल्या काळात आम्ही एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करून पाहिला होता. ज्या सात-आठ घरी दुपारी फोन असायचा त्यांना खबर आधी मिळायला लागली. त्यांची गुंडं, बादल्या आणि निळे ड्रम रांगेत पुढे लागायचे. टोकाच्या घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या आजी, ज्यांना पूर्वी आवाज ऐकून सगळ्यांबरोबर यायला मिळायचं, त्या आता शेवटी पोचायच्या. ग्रुपमधले लोक खूश होते. त्यांनाच विचारलं असतं तर काम उत्तम झालंय असंच म्हणाले असते.

लोकांच्या भल्याचं करायला निघालेल्यांची ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. माहिती लवकर मिळणं म्हणजे रांगेत पुढे जाणं, आणि पाणी तेवढंच असेल तर कोणीतरी मागे जातंच. ओपीडीचा नंबर मोबाइलवरून लावायची सोय केली की पहाटे उमरेडहून एसटीने आलेला माणूस घरबसल्या बटण दाबणाऱ्याच्या मागे जातो. सोय करू नका असं मी म्हणत नाही. पण काही नंबर खिडकीवर येणाऱ्यांसाठी राखून ठेवायचे, हे पहिल्याच दिवशी ठरलेलं पाहिजे. नंतर ते कोणी करत नाही.

म्हणून काही सुरू केल्यावर पंधरा दिवसांनी, जे वापरत नाहीत त्यांच्या घरी जा आणि पुन्हा कालची गोष्ट विचारा. आमच्याकडे घंटा त्या आजींमुळे आली.

पायरी पाचवी: शब्द, अक्षर, ऊन

कधी वेबचं पान लागतंच. तेव्हा बटणावर तेच शब्द घाला जे लोक बोलतात. ‘सादर करा’पेक्षा ‘पाठवा’, ‘प्रमाणीकरण’पेक्षा ‘ओटीपी टाका’. नागपुरात इतवारीतल्या दुकानात हिंदी, घरात मराठी, दोन्ही एकाच वाक्यात चालतात, तेव्हा दोन्ही भाषा ठेवा आणि बदलायचं बटण वर, डोळ्यांसमोर ठेवा.

देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार असतो, म्हणून इंग्रजीसाठी ठरवलेलं ओळींमधलं अंतर इथे पुरत नाही, मात्रा एकमेकींत अडकतात. अंतर वाढवा. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ हे फॉन्ट मोफत आहेत आणि लहान आकारातही नीट वाचता येतात. मजकूर डीटीपीवाल्याकडून आला असेल तर तो युनिकोडमध्ये आहे याची खात्री करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर फोनवर नुसती अगम्य चिन्हं होतो.

फिकट राखाडी अक्षरं एसीत बसून सुंदर दिसतात, व्हरायटी चौकात मे महिन्यात दिसतच नाहीत. वेबच्या आंतरराष्ट्रीय सुलभता निकषांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमीतला फरक कमीत कमी ४.५ ला १ सांगितला आहे. तो तपासणारी साधनं ब्राउझरमध्येच असतात. बटण ४८ डीपी (अँड्रॉइडमधलं स्क्रीनवरचं माप), म्हणजे साधारण ९ मिलिमीटरपेक्षा लहान नको. भांडी घासून ओल्या झालेल्या बोटांनी ते दाबायचं आहे.

पायरी सहावी: जे लागत नाही ते मागू नका

आमच्या पहिल्या अ‍ॅपमध्ये नाव, पत्ता, जन्मतारीख, ईमेल असा फॉर्म होता. टँकरची वेळ सांगायला जन्मतारीख कशाला? कशालाच नाही. तयार साच्यात होती म्हणून राहिली. गटातल्याच एका मुलीने दुसरी गोष्ट दाखवून दिली: दुपारी कोणत्या घरात बाई एकटी आहे याची यादी आम्ही नकळत तयार करत होतो. ती यादी चुकीच्या हातात पडली असती तर? त्याच दिवशी पुसून टाकली.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा एकदा तरी वाचा, फार मोठा नाही. त्यात संमती स्वेच्छेची, स्पष्ट आणि ठरावीक कारणापुरती असावी लागते, आणि दिलेली संमती काढून घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असावं लागतं. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे. शाळेसाठी काही बनवणाऱ्यांनी हे आधी बघावं. माझा नियम याहून साधा आहे: जी माहिती तुमच्याजवळ नाही ती चोरीला जाऊ शकत नाही.

फसव्या रचनांबद्दलही सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ती काढली आणि १३ प्रकार नावानिशी दिले: खोटी घाई करणं, टोपलीत न मागितलेली वस्तू सरकवणं, नाही म्हणणाऱ्याला लाजवणं, वर्गणी सुरू करणं सोपं आणि बंद करणं अवघड ठेवणं, वगैरे. यादी समोर ठेवून आपल्या प्रत्येक स्क्रीनवर बोट ठेवत जा. भल्या हेतूने बनवलेल्या अ‍ॅपमध्येही ‘नको, मला आरोग्याची काळजी नाही’ असलं बटण मी पाहिलं आहे.

पायरी सातवी: पाच माणसं

वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी २००० साली मांडलं की पाच जणांना वापरायला दिलं तरी बहुतेक मोठ्या अडचणी दिसून येतात. पाच माणसं शोधणं अवघड नाही. फक्त ती तुमच्या वर्गातली नसावीत. जुना, काच तडकलेला फोन वापरा. त्यांच्या हातात द्या आणि गप्प बसा. ते अडले की तोंडातून “वर बघा, वर” निघतं, ते आवरा. अडले तिथे खूण करा.

पायरी आठवी: पैसा कोण देणार

हा प्रश्न शेवटी ठेवला तर तो सगळं उलटवतो. वर्षभर चालवायला काय लागेल ते कागदावर मांडा: डोमेन, सर्व्हर, रिचार्ज, आणि तक्रारी ऐकणाऱ्या माणसाचा वेळ. हा शेवटचा खर्च सगळे विसरतात आणि तोच सगळ्यात मोठा असतो.

ज्याचा फायदा होतो त्यानेच किंवा त्याच्या वतीने कोणी पैसे दिले तर रचना सरळ राहते. ले-आउटची वर्गणी, शेतकरी उत्पादक कंपनी, पतसंस्था, दवाखान्याचा स्वतःचा खर्च, हे चालतं. विकिपीडिया लोकांच्या देणग्यांवर चालतो, त्यावर जाहिराती नाहीत, म्हणूनच तुम्हाला धरून ठेवायचं त्याला काही कारण नाही. काम वाढलं आणि संस्था काढायची वेळ आली तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खाली अशी कंपनी नोंदवता येते जिचा नफा सभासदांत वाटता येत नाही. विश्वस्त संस्था हाही एक मार्ग आहे. चांगला सीए गाठा आणि दोन्ही समजून घ्या.

कोणी मोठी रक्कम घेऊन आलं तर पहिल्याच बैठकीत वहीचं पहिलं पान दाखवा. “किती लोक रोज उघडतात?” हाच त्यांचा पहिला प्रश्न असेल तर घाई करू नका, चहा घेऊन परत या आणि गटात बोला. नाही म्हणणं जमतं. आम्ही एकदा म्हटलं आहे.

पायरी नववी: सोडून देता येईल असं ठेवा

मुलं पास होतात, पुण्या-बंगळुरूला जातात, आणि मागे राहिलेलं अ‍ॅप चुकीच्या वेळा दाखवत राहतं. बंद पडलेल्या वस्तूपेक्षा खोटं सांगणारी वस्तू जास्त त्रास देते. म्हणून सुरू करतानाच दोन पानं लिहा. एकावर हे रोज कसं चालतं, बिघडलं तर काय करायचं. दुसऱ्यावर हे बंद कसं करायचं: लोकांना किती दिवस आधी सांगायचं, कोणती माहिती पुसायची, मग खबर कशी पोचणार. पानं मराठीत, हाताने लिहिलेली चालतील. जो माणूस तिथेच राहणार आहे त्याच्याजवळ ठेवा.

आमची ती दोन पानं किराणा दुकानात तराजूच्या मागे खिळ्याला टांगलेली होती. पुढे ले-आउटमध्ये नळ आला. दुकानदाराने दुसरं पान काढून वाचलं, आठ दिवस आधी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं, घंटा उतरवली आणि शेजारच्या अंगणवाडीला देऊन टाकली. मला त्याने सगळं झाल्यावर फोन केला.